भाकीत करणारी यंत्रणा विकली जाते ती नेमकी कुठल्या टेबलावर?

टंकनवाला
मंडळी, एका दीर्घकथेवर काम करतोय आणि एका जागी अडकलोय. इथे पोलीस खात्यातले, वकिलीतले, संगणकातले लोक वाचतात, म्हणून विचारतो.

कथा आपल्या नागपुरातच घडते, काही दशकांनंतर. शहरातल्या प्रत्येकाला एक 'धोका अंक' आहे. चौकातले कॅमेरे, मोबाईल, बँकेतली उलाढाल, शेजाऱ्यांच्या तक्रारी असं सगळं यंत्रात जातं आणि हा माणूस येत्या वर्षभरात गुन्हा करेल का, याचा आकडा निघतो. अंक ठरलेल्या रेषेच्या वर गेला की माणूस शहराबाहेर. खटला नाही, कारण गुन्हाच घडलेला नाही. माझा नायक इंदोऱ्यात राहणारा, ऑटो चालवणारा पोरगा आहे. त्याचा अंक अचानक चढतो. कोणीतरी पैसे देऊन चढवलाय. पण कोणी, कुठे आणि कसा, तिथे माझं घोडं अडलंय.

या प्रकारचं जे वाचलं-पाहिलं त्यात भ्रष्टाचार बहुतेक वेळा अगदी वरच्या खुर्चीत बसलेला असतो. (पुढे रहस्यं फुटतात. वाचायचं-पाहायचं बाकी असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) फिलिप के. डिक यांच्या १९५६ च्या 'द मायनॉरिटी रिपोर्ट' या कथेत तीन भविष्यवेत्ते आहेत. त्यांच्या असंबद्ध बडबडीतून यंत्र कार्ड काढतं आणि कार्डावर होऊ घातलेल्या खुन्याचं नाव असतं. पोलिसांनी गैरवापर करू नये म्हणून प्रत्येक कार्डाची दुसरी प्रत लष्कराकडेही जाते. कागदावर किती चांगली तरतूद! पण त्या दुसऱ्या प्रतीच्याच जोरावर एक निवृत्त जनरल पोलिसांची यंत्रणा खोटी पाडून सत्ता लष्कराकडे ओढायला निघतो. शेवटी जुना आयुक्त नव्याला बजावतो की हा घोळ फक्त आयुक्ताच्याच बाबतीत होऊ शकतो, कारण स्वतःचं कार्ड आधी बघायला मिळतं ते त्यालाच. त्यावरच्या २००२ च्या चित्रपटात वाट वेगळी आहे. तिथे एकच दृश्य दोनदा उमटलं तर दुसऱ्याला पडसाद समजून तंत्रज्ञ ते पुसून टाकतात. विभाग उभा करणाऱ्या वरिष्ठाला हे ठाऊक असतं. तो भाडोत्री माणसाकरवी एका बाईवर हल्ला करवतो, पोलीस येऊन तो थांबवतात, आणि ते गेल्यावर हा स्वतः तिला अगदी तशाच रीतीनं पाण्यात बुडवून मारतो. यंत्राला तो खून दिसतो. पडद्यासमोरचा माणूस पडसाद म्हणून तो पुसतो. यंत्र इथे खोटं बोललेलंच नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कचरा म्हणून काय टाकतात हे ज्याला माहीत, त्याला खून लपवायची जागा आयतीच मिळाली.

पण दोन्हीकडे करणारा साहेबच. माझ्या मनाला ते पुरत नाही, आणि त्याचं कारण माझा धंदा आहे. सिव्हिल लाइन्समध्ये न्यायालयाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वकिलांचे कागद टाइप करतो. त्यात तडीपारीच्या नोटिशीला द्यायची उत्तरंही येतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ५६ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. माणूस हिंसक गुन्हा करतोय किंवा करण्याच्या बेतात आहे असं मानायला वाजवी कारण असेल, आणि साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे यायला तयार नसतील, तर त्याला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर घालवता येतं. करण्याच्या बेतात असणं हे भाकीतच झालं की! कायदा १९५१ चा आहे. त्या काळी कुठला संगणक आणि कुठला कॅमेरा.

नोटिशीत आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप तेवढं सांगायचं असतं. त्यामुळे माझ्यासमोरच्या स्टुलावर बसलेला माणूस नोटीस पुढे करून विचारतो, "भाऊ, यात लिवलं हाये का मी लोकायले धमकावतो. पण कोनाले?" वकीलसाहेब सांगतात, नाव मिळत नसतं. गोपनीय साक्षीदार 'अ' आणि गोपनीय साक्षीदार 'ब'. तारखेच्या जागी 'अंदाजे दोन महिन्यांपूर्वी सायंकाळच्या सुमारास'. त्या सायंकाळी आपण कुठे होतो हे तो आठवायला लागतो, बोटांवर दिवस मोजत, आणि मी तोवर की-बोर्डवर हात ठेवून थांबलेला असतो. त्याचा चेहरा बघवत नाही.

माझ्या कथेचं बी तिथलं आहे. घडलेल्या गुन्ह्यात निदान एवढं म्हणता येतं की मी त्या जागी नव्हतो. न घडलेल्या गुन्ह्यात माणसानं कुठे नव्हतो म्हणून सांगायचं? आणि ज्या आकड्याची उलटतपासणी होत नाही, तो विकायला सगळ्यांत सोपा असणार. फक्त विकणारा डोळ्यांसमोर येत नाही. पैसे कोणाच्या हातात पडले की अंक हलेल? चढवून घ्यायला जास्त गिऱ्हाईक असेल की उतरवून घ्यायला? आणि झालंच असं काही, तर पकडायचं कसं?

२०२४ मध्ये राज्य सरकारनं पोलिसांसाठी 'मार्वल' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली, आयआयएम नागपूरला सोबत घेऊन, तीही आपल्याच गावात. त्यामुळे कथा फार दूरच्या काळातली राहिलेली नाही. मला ती खरी उतरवायची आहे.

निवृत्त_रायटर
टंकनवाला भाऊ, माझी बरीच नोकरी ठाण्यात क्राइम रायटर म्हणून लिखापढी करण्यात गेली. ठाण्याचं नाव घेत नाही.

साहेबाले पैसे देऊन अंक हालणार नाही. साहेब सही करते. त्याच्यापुढं जो कागद येते तो खालच्या टेबलावर तयार होते, आणि बहुतेक वेळा कोणी एक रुपया न घेता तयार होते. हे आधी समजून घ्या, मग पैशावर येऊ.

सणावाराच्या आधी, म्हणजे पोळा, मारबत, गणपती, आणि निवडणूक असली तर तेव्हाही, ठाण्याले प्रतिबंधक कारवाया दाखवाव्या लागतात. महिन्याच्या गुन्हे बैठकीत विचारणा होते, मागच्या महिन्यात किती आणि या महिन्यात किती. नवीन माणूस शोधायले वेळ कोणाजवळ आहे? मग रजिस्टरमधली तीच पोट्टी बोलावतात. चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाईची केस होते, चांगलं वागायचा बॉन्ड लिहून घेतात, घरी पाठवतात. पोट्ट्यानं त्या वर्षात काही केलं असो का नसो, त्याच्या नावापुढं एक ओळ वाढली. पुढं कधी तडीपारीचा प्रस्ताव लिहायची वेळ आली का रायटर जुनी फाइल काढते आणि लिहिते, 'सदर इसमाविरुद्ध वेळोवेळी प्रतिबंधक कारवाई करूनही त्याच्या वर्तनात सुधारणा झालेली नाही.' हे वाक्य मीही टाइप केलं आहे, सगळेच करतात, ते नमुन्यातच असते. पण तुमच्या यंत्राले हा नमुना आहे हे कसं समजणार? त्याले दिसते का या माणसावर बऱ्याच कारवाया झाल्या, तरी सुधारला नाही. धोका अंक चढला.

दुसरी नोंद सांगतो, ती तुमच्या ऑटोवाल्याले बरोबर लागू पडते. त्याच पोलीस कायद्याचं कलम १२२. सूर्यास्तानंतर कोणी संशयास्पद रीतीनं लपून असला तर त्याच्यावर लावता येते. लिहायची भाषा ठरलेली आहे: 'अंधाराचा फायदा घेऊन स्वतःचे अस्तित्व लपवून दबा धरून बसलेला मिळून आला.' रात्री रेल्वे स्टेशनबाहेर ऑटो उभा करून, लाइट बंद करून मागच्या सीटवर पाय दुमडून पडलेला पोट्टा सवारीची वाट पाहून राहिला असते. लिहिणाऱ्यानं ठरवलं तर तोच दबा धरून बसलेला होते. त्या लिखाणाले कोर्टात आव्हान द्यायले कोणी जात नाही, दंड भरून मोकळा होते, कारण दुसऱ्या दिवशी ऑटो चालवायचा असते. कथेत अशा चार बारीक नोंदी वापरा. एक मोठा खोटा गुन्हा टाकायची गरजच नाही. मोठा गुन्हा कोर्टात तपासला जाते.

आता पैसा. चढवून घ्यायले येणारे कमीच, जमिनीचा वाद, भाडेकरू काढायचा आहे, पोरीच्या प्रेमाचा राग, असे. खरी गर्दी राहील ती नोंद न होऊ देण्यासाठी. ज्याचा दारूचा अड्डा आहे, सट्ट्याचा धंदा आहे, त्याच्यावर धाड जाते तेव्हा तो आधीच बाहेर असते आणि एखादा कामावरचा पोट्टा सापडते. गुन्हा त्या पोट्ट्यावर. अड्ड्याच्या मालकाचं पान कोरं. तुमच्या यंत्राच्या हिशेबानं मालक सज्जन आणि त्याच्याकडं दोनशे-तीनशे रुपये रोजानं बाटल्या उचलणारा पोट्टा सराईत. यात यंत्राले कोणी हात लावला नाही.

आणि मोबाईलचं घ्या. हिसकावून नेलेला मोबाईल जबरी चोरीत लिहिला का ठाण्याचा आकडा वाढते, 'गहाळ' लिहिला का वाढत नाही. तक्रारदाराले फक्त सिम पायजे असते, तो सही करते. म्हणजे एखाद्या भागाचा अंक तिथल्या गुन्ह्यावर नाही, तिथल्या रायटरच्या पेनावर ठरणार.

चांगले अधिकारीही पाहिले, हे लिहिलंच पाहिजे. गोपनीय साक्षीदाराचा जबाब आला का एक एसीपी साहेब साक्षीदाराले स्वतः बोलावून घ्यायचे, दार लावून बोलायचे, आणि दोन जबाबांत वाक्यं सारखी दिसली का प्रस्ताव परत पाठवायचे. त्यांच्या काळात आमच्याकडून प्रस्ताव कमी गेले. बैठकीत त्याबद्दल त्यायलेच ऐकून घ्यावं लागलं.

विदा_ताई
माहेर नागपूरचं, नोकरी बाहेर, काम आकडेवारीचं. रायटरकाकांनी सांगितलं ते जगात दुसरीकडे यंत्रासकट घडून गेलंय, म्हणून भर घालते.

लॉस एंजेलिसच्या पोलिसांचा 'लेझर' नावाचा कार्यक्रम होता. त्यात माणसांना गुण दिले जायचे. टोळीत असेल तर ५, पॅरोल किंवा प्रोबेशनवर असेल तर ५, बंदुकीसह अटक झाली असेल तर ५, असे. आणि पोलिसांनी रस्त्यात थांबवून चौकशी केली की दर वेळी १. म्हणजे यादीत वर असलेल्या माणसाला पोलीस जास्त वेळा थांबवणार, थांबवलं की गुण वाढणार, गुण वाढले की पुन्हा थांबवणार. काकांच्या चॅप्टर केसचंच हे रूप. तो कार्यक्रम २०१९ मध्ये बंद झाला. शिकागोच्या पोलिसांची तशीच यादी होती, ० ते ५०० असा अंक. तिच्या हिशेबात अटक धरली जायची, मग पुढे तो माणूस दोषी ठरो वा न ठरो. तीही २०१९ च्या अखेरीस गुंडाळली.

पण मला सगळ्यांत हादरवलं ते कॅलिफोर्नियाच्या टोळी-नोंदवहीनं. तिचं नाव 'कॅलगँग'. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी ती तपासली, तेव्हा नोंद झाली त्या वेळी ज्यांचं वय एक वर्षाहून कमी होतं अशा ४२ जणांची नावं टोळीवाले म्हणून सापडली. त्यातल्या २८ जणांपुढे कारण लिहिलं होतं की त्यांनी स्वतः टोळीत असल्याची कबुली दिली. तान्ह्या बाळाची कबुली! जन्मतारीख चुकीची भरली गेली असेल, मान्य. पण ती नोंद इतकी वर्षं कोणाच्याच डोळ्यांत आली नाही, कारण बघायचं कोणाचंच काम नव्हतं. पुढे २०२० मध्ये तिथल्याच काही पोलिसांवर खोटी चौकशी-कार्डं भरून लोकांना टोळीवाले ठरवल्याचे गुन्हे दाखल झाले. म्हणजे टंकनवाला, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर हे: टेबल रस्त्यावर आहे, जिथे कार्ड भरलं जातं.

दुसरं टेबल मला अपवादांच्या यादीत दिसतं. कुठलीही अशी यंत्रणा आली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतं, मंत्र्यांच्या गाड्या, न्यायाधीश, आमचे स्वतःचे कर्मचारी, यांचं काय? मग एक यादी होते, यांचा अंक काढू नये. सुरुवातीला कारणं रास्त असतात, सुरक्षेची. पण ती यादी गुप्त असते आणि तिच्यात नाव घालायला एकाच माणसाची परवानगी लागते. भ्रष्टाचाराला याहून सोयीची जागा मी तरी कल्पू शकत नाही. 'सायको-पास' या २०१२ च्या जपानी मालिकेनं ही गोष्ट पुरती टोकाला नेली आहे. (रहस्य फुटतंय.) तिथे अंक शंभराच्या वर गेला की माणूस संभाव्य गुन्हेगार, तीनशेच्या वर गेला की जागच्या जागी ठार. आणि काही मोजके लोक असे आहेत की त्यांनी डोळ्यांदेखत खून केला तरी अंक चढत नाही. यंत्रणा त्यांचं काय करते? त्यांचे मेंदू आपल्यात सामावून घेते. न्याय करणारं यंत्र त्याच मेंदूंचं बनलेलं आहे. ज्यांना मोजता आलं नाही, तेच मोजणारे झाले. ती मालिका पाहून मी रात्री कितीतरी वेळ जागी होते.

तिसरं टेबल म्हणजे रेषा. अंक खरा असला तरी कितीच्या वर गेला की कारवाई, हे माणूसच ठरवतो. ७० ऐवजी ६५ केली की एका वस्तीतली शेकडो घरं आत येतात, आणि कोणाच्याही नोंदीला हात लागलेला नसतो. हद्दपार झालेल्यांची रिकामी घरं कोणाला हवी असतील, तर त्यानं रेषा ओढणाऱ्याला गाठावं.

पकडणं अवघड का, तेही सांगते. माणसाला बाहेर घालवलं आणि गुन्हा झाला नाही, तर यंत्रणा म्हणते, बघा, वेळीच रोखलं. आत ठेवलं आणि गुन्हा झाला, तर म्हणते, आम्ही सांगत होतो. आत ठेवलं आणि काहीच झालं नाही, तर वर्ष अजून संपलेलं नसतं. चूक सिद्ध होईल असा एकही निकाल उरत नाही. लाच देऊन चढवलेला अंक आणि प्रामाणिकपणे चढलेला अंक बाहेरून अगदी सारखे दिसतात.

टंकनवाला
रायटरकाका, विदा ताई, मनापासून आभार. ऑटोच्या मागच्या सीटवर पाय दुमडून पडलेला पोरगा आता मला स्पष्ट दिसतोय. रिकाम्या घरांची कल्पनाही घेतो. अंक पोराचा चढला, पण हवी होती त्याच्या आईची जागा. हे जास्त खरं वाटतं, आणि जास्त वाईटही.

एक शंका. अशा यंत्रणेत शेवटी माणसाची सही ठेवली तर काही फरक पडेल का? युरोपीय संघाच्या कायद्यात फेब्रुवारी २०२५ पासून नुसत्या स्वभावचित्रणावरून कोणी गुन्हा करेल असं ठरवायला बंदी आली आहे. पण प्रत्यक्ष गुन्ह्याशी जोडलेल्या, तपासता येणाऱ्या माहितीवर माणूस निर्णय घेत असेल आणि यंत्र त्याला मदत करत असेल, तर ते चालतं.

बेड्यावरचा
सहीबद्दल मी सांगतो. आम्ही पारधी. माझं बालपण नागपूर जिल्ह्यातल्या एका बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर गेलं, आता शिक्षक आहे.

तुम्ही सगळे भविष्यातली गोष्ट म्हणून बोलताय. आमच्या आजोबा-पणजोबांनी ती भोगली आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा काढून वाचा. सरकारला एखादी जमात सराईतपणे गुन्हे करते असं वाटलं, की अधिसूचना निघायची, आणि त्या जमातीत जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार धरलं जायचं. अधिसूचना बरोबर की चूक हे कोणत्याही न्यायालयानं विचारायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. परवाना न घेता बाहेर सापडला तर शिक्षा, आणि ती शिक्षा झाली की ही जमात गुन्हेगार आहे याचा आणखी एक पुरावा. ताईंनी सांगितलेलं चक्र तेव्हाही फिरत होतं, फक्त शाई आणि कागदावर.

त्यात सही होतीच. प्रत्येक परवान्यावर होती. आमची म्हातारी सांगायची, परवाना लिहिणाऱ्यासाठी तितर, लाव्हे पकडून न्यावे लागत. पक्षी नसले तर परवाना उद्या. उद्या गेलं तर परवा. तुमचा अंक उतरवणारा माणूस मला त्या परवानावाल्यासारखाच दिसतो. त्याला लाचखोर म्हणून कोणी ओळखत नव्हतं. त्याच्याकडे फक्त वेळ होता आणि समोरच्याकडे नव्हता.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. जमातीच्या नावाची रजिस्टरं गेली, पण नजर गेली नाही. कुठे घरफोडी झाली की गाडी आधी बेड्यावर येते, हे मी पोरवयात पाहिलंय. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातीवरून होणाऱ्या भेदभावाबद्दल निकाल दिला, त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं. इतक्या वर्षांनंतर हे बजावावं लागतं.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या नायकाचा अंक चढला की त्याच्या धाकट्या भावाचा, मामाचा, शेजाऱ्याचाही थोडाथोडा चढलेला दाखवा. अशी यंत्रणा संपर्क धरते. आणि तो उतरवायला एकट्याचे पैसे पुरत नाहीत, सगळ्या घराचे लागतात. शाळेत माझ्या वर्गात एक मुलगी आहे, अक्षर मोत्यासारखं. तिचं आडनाव हजेरीपटावर वाचलं की बाहेरचे पाहुणे माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. तिचा अंक किती असेल, हा विचार हा धागा वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

जरीपटका_वहिनी
सगळं वाचलं. पटलंही. पण आमची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहिते.

२००४ साली कस्तुरबा नगरात काय झालं ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या की तक्रार घेऊन गेलं तर ठाण्यात घेत नाहीत, उलट गुंडालाच कळवतात. शेवटी १३ ऑगस्टला जिल्हा न्यायालयाच्या आवारात बायकांच्या जमावानं त्या गुंडाला, अक्कू यादवला, ठार मारलं. मी तेव्हा जवळच राहत होते. त्या काळात मला कोणी म्हटलं असतं की असं यंत्र आहे, ते ठाणेदाराला न विचारता सांगेल हा माणूस धोक्याचा आहे, तर मी हात जोडून आणलं असतं. आजही आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा आहे तर पोरी क्लासवरून परत येताना जरा निर्धास्त येतात. हा फरक लहान नाही.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. बायकांची तक्रार लिहिलीच गेली नाही तर यंत्राला काय दिसणार? आमच्या छेडछाडीची नोंद नाही, नवऱ्याच्या मारहाणीची नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. ज्याच्यावर नगरसेवकाचा हात, त्याचं पान कोरं, हे काकांनी लिहिलंच आहे. तेव्हा भाऊ, तुमच्या कथेत एक बाई असू द्या, जिला ते यंत्र हवं आहे आणि जिची कारणं खरी आहेत. तिला मूर्ख किंवा भोळी दाखवू नका. तिनं त्या यंत्रासाठी मोर्चा काढलेला असू द्या. आणि मग तिला कळू द्या की तिच्या छळवाद्याचा अंक शून्य आहे.

टंकनवाला
वहिनी, ती बाई कथेत येणार. खरं तर मला वाटतंय की नायकाची आईच ती असावी. यंत्र यावं म्हणून संविधान चौकात धरणं धरून बसलेली, आणि त्याच यंत्रानं तिचा पोरगा घालवलेला. आता कथेला पाठीचा कणा आला.

बेड्यावरचे सर, धाकट्या भावाचा अंक नक्की घेतो. पक्ष्यांची गोष्ट वापरायची परवानगी द्याल का? तुमच्या म्हातारीचं नाव न घेता.

उरला एकच धागा, पकडायचं कसं हा. माझ्या कथेतल्या वकीलबाईच्या हाती काहीतरी लागायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि तो माणसाच्या संचारस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कावर घाला घालतो. ते ती युक्तिवादात वापरेलच. पण मला तत्त्वाखेरीज एखादा पुरावा हवा आहे, जो ती बोट ठेवून दाखवू शकेल.

बेड्यावरचा
वापरा. तितर लिहा, लाव्हेही लिहा, दोन्ही असायचे.

विदा_ताई
अंकाच्या मागे हात घातला की एक गोष्ट नेहमी सापडते: नोंद कोणी केली, केव्हा केली, नंतर कोणी बदलली, याची वेगळी वही संगणक स्वतःच ठेवतो. लोक मूळ नोंद बदलतात आणि ही वही विसरतात. तुमच्या वकीलबाईनं अंक मागू नये, ही वही मागावी. यंत्रणा म्हणेल ते कंपनीचं व्यापारी गुपित आहे. तिथे न्यायालयात खरी लढाई होऊ द्या. अंकाचं सूत्र गुपित असेलही, पण कोणत्या शिपायानं कोणत्या वेळी माझ्या अशिलाचं नाव टाइप केलं, हे गुपित कसं?

निवृत्त_रायटर
ताई बरोबर बोलल्या, त्याले जोड देतो. स्टेशन डायरीत नोंदी क्रमानं असतात, नंबर आणि वेळ दोन्ही. मागच्या तारखेची नोंद नंतर घुसवायची असली तर कागदाच्या काळात रायटर एखादी जागा रिकामी सोडून ठेवायचा. सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या संगणकावरच्या नोंदीत, तसं जमत नाही, टाकल्याची खरी वेळ मागं राह्यते. तुमच्या पोट्ट्यावर कलम १२२ ची नोंद रात्री पावणेबाराची दाखवली असेल, तर त्या वेळी ज्या हवालदाराचा बक्कल नंबर त्या नोंदीवर आहे, त्याची ड्यूटी कुठं होती हे ड्यूटी रजिस्टरमध्ये पाहा. माझ्या अनुभवात खोटी नोंद तिथंच उघडी पडते: हवालदार बंदोबस्तात दीक्षाभूमीले आणि नोंद रेल्वे स्टेशनची. वकीलबाईले ड्यूटी रजिस्टर मागू द्या. सूत्रबित्र नंतर.